न खेळलेली लढत आणि अर्धा गुण: बुएनोस आइरेस, १९३९

आठव्या बुद्धिबळ ऑलिंपियाडचा शेवटचा तक्ता पाहिला की पहिल्या तीन ओळी अशा दिसतात: जर्मनी ३६, पोलंड ३५.५, एस्टोनिया ३३.५. महिनाभर चाललेल्या स्पर्धेचा निकाल अर्ध्या गुणावर लागला, यात विशेष काही नाही. बुद्धिबळात असं होतंच. विशेष हे की अंतिम गटातली जर्मनी–पोलंड लढत झालीच नाही. चारही पट रिकामे राहिले आणि तक्त्यात २–२ असं लिहिलं गेलं. तारीख होती सप्टेंबर १९३९ची, म्हणजे त्या रिकाम्या पटांचं कारण वेगळं सांगायला नको.

खेळाच्या संयोजनात रस असणाऱ्यांनी हे प्रकरण नीट उघडून पाहावं असं मला वाटतं. स्पर्धा ऐन भरात असताना त्यातल्याच संघांचे देश एकमेकांशी लढायला लागले, तर आयोजकाने करायचं काय? नियमावलीत याचं उत्तर नव्हतं. मंडळी जमली, बोलली आणि त्यांनी एक तोडगा काढला. तो न्याय्य होता का, याचं उत्तर भावनेत शोधण्याआधी आकड्यांत शोधता येतं. तिथे ते जरा अनपेक्षित निघतं.

आधीचं थोडं

देशांच्या संघांनी एकत्र येऊन बुद्धिबळ खेळायचं, ही कल्पना तेव्हा फार जुनी नव्हती. १९२४ साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक खेळांच्या सुमारास एक स्पर्धा झाली. ती खेळली गेली वैयक्तिक पद्धतीने, पण देशवार बेरीज मांडून चेकोस्लोव्हाकियाला पहिलं धरलं गेलं. त्याच वेळी, २० जुलै १९२४ला, फिडेची, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाची, स्थापना झाली. १९२६ला बुडापेस्टमध्ये चारच संघांची छोटी स्पर्धा झाली आणि १९२७ला लंडनमध्ये पहिलं अधिकृत ऑलिंपियाड. सोळा संघ आले, हंगेरी जिंकला, आणि फ्रेडरिक हॅमिल्टन-रसेल यांनी दिलेला करंडक तेव्हापासून विजेत्याच्या नावाने फिरू लागला. पुढच्या वर्षी हेगलाही हंगेरीच जिंकला, १९३०ला हॅम्बुर्गमध्ये पोलंड. त्यानंतर प्राग, फोकस्टोन, वॉर्सा, स्टॉकहोम अशी सलग चार ऑलिंपियाडं अमेरिकेने खिशात घातली. आपल्याकडचा म्हणावा असा एकच खेळाडू या काळात दिसतो, पंजाबचा सुलतान खान. १९३० ते १९३३ मधल्या तीन ऑलिंपियाडांत तो ब्रिटनच्या पहिल्या पटावर बसला. भारताचा स्वतःचा संघ उतरायला १९५६चं मॉस्को उजाडावं लागलं.

पुढच्या हिशेबासाठी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवावी. त्या काळी संघाचा क्रम ठरायचा तो पटावरच्या गुणांच्या बेरजेने. चार पट, चार डाव. ४–० जिंकलात तर चार गुण, २.५–१.५ जिंकलात तर अडीच. लढत जिंकली की ठरावीक गुण, ही आज आपण पाहतो ती पद्धत ऑलिंपियाडमध्ये आली थेट २००८ला, ड्रेसडेनला. म्हणजे १९३९मध्ये प्रत्येक अर्धा गुण शेवटपर्यंत जिवंत असायचा. हरलेल्या लढतीतला सुद्धा.

समुद्रापलीकडे

ऑलिंपियाड युरोपाबाहेर नेण्याची ही पहिलीच वेळ. बुएनोस आइरेस तसं बुद्धिबळाला नवखं नव्हतं. कापाब्लांका आणि आलेखिन यांची १९२७ची चौतीस डावांची विश्वविजेतेपदाची झुंज याच शहरात झाली होती, आणि तिथल्या वर्तमानपत्रांना आणि कॅफेंना बुद्धिबळाचं चांगलंच वेड होतं. पण युरोपातले संघ तिथे पोचवायचे म्हणजे आठवड्यांचा समुद्रप्रवास. बहुतेक युरोपीय संघ ‘पिरिआपोलिस’ नावाच्या एकाच बेल्जियन जहाजातून गेले. जुलैअखेरीस ते अँटवर्पहून निघालं. जर्मन, पोलिश, फ्रेंच, पॅलेस्टाईनचे ज्यू खेळाडू, चेक, सगळे एकाच डेकवर. (हेच जहाज पुढच्या वर्षी जर्मन विमानांनी बुडवलं.)

कोण आलं नव्हतं, तेही पाहायला हवं. सलग चार वेळा जिंकलेली अमेरिका आली नाही. हंगेरी आला नाही. सोव्हिएत संघ तर तोवर ऑलिंपियाडमध्ये कधी उतरलाच नव्हता. मैदान त्यामुळे मोकळं झालं होतं, आणि सत्तावीस संघांत निदान सहा-सात जणांना आपण जिंकू शकतो असं वाटावं अशी परिस्थिती होती.

आणि नकाशा तर स्पर्धेआधीच बदललेला होता. ऑस्ट्रियाचा संघ नव्हता, कारण मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रियाच जर्मनीत विलीन केला गेला होता. त्याचा थेट परिणाम जर्मन संघाच्या यादीत दिसतो. पहिल्या पटावर एरिख एलिस्कासेस, इन्सब्रुकचा माणूस, आधीची तीन ऑलिंपियाडं ऑस्ट्रियाकडून खेळलेला. संघाचा कर्णधार आल्बर्ट बेकर, तोही व्हिएन्नाचा. बाकी पॉल मिशेल, लुडविग एंगेल्स आणि हाइन्रिख राइनहार्ट. म्हणजे ‘जर्मनी जिंकला’ असं म्हणताना पाचातले दोघे ऑस्ट्रियन होते, हे ध्यानात असू द्यावं. चेकोस्लोव्हाकियाच्या जागी ‘बोहेमिया आणि मोराव्हिया’ नावाचा संघ होता. मार्च १९३९मध्ये जर्मनीने त्या भूभागाला हेच नाव देऊन आपल्या अंमलाखाली घेतलं होतं.

पोलंडकडून साव्हिएली टार्टाकोवर, मिगेल नायडॉर्फ (तेव्हा त्याचं नाव मिएचिस्वाव्ह होतं), पाउलिन फ्रिडमन, रेगेजिन्स्की आणि सुलिक. फ्रान्सच्या पहिल्या पटावर खुद्द विश्वविजेता आलेखिन, क्यूबाच्या पहिल्या पटावर माजी विश्वविजेता कापाब्लांका, एस्टोनियाच्या पहिल्या पटावर तेवीस वर्षांचा पॉल केरेस. इतकी मातब्बर मंडळी एका छपराखाली, कोरिएन्तेस रस्त्यावरच्या पोलितेआमा नाट्यगृहात. नाट्यगृहात बुद्धिबळ भरवण्याचा विचार मला आवडतो. प्रेक्षकांना खुर्च्या आधीच मांडलेल्या असतात!

१ सप्टेंबर

संघांचे आधी चार गट पाडले होते. प्रत्येक गटातले पहिले चार अंतिम गटात जाणार आणि उरलेले ‘कोपा अर्जेंटिना’ या दुय्यम करंडकासाठी खेळणार. या प्राथमिक फेऱ्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाल्या. अंतिम गट सुरू व्हायच्या सुमारास जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं. ३ सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं.

पहिली प्रतिक्रिया इंग्लंडची. त्यांचा संघ अंतिम गटात पोचला होता. त्यांनी माघार घेतली. या पाच जणांतले तिघे, ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिलनर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक, पुढे ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामाला लागले. अंतिम गटात सोळाऐवजी पंधरा संघ उरले. संघांची संख्या विषम झाल्यामुळे प्रत्येक फेरीला एक संघ बसून राहणार, हा एवढा फरक मात्र वेळापत्रकात सहज सामावला.

खरी अडचण उरलेल्यांची होती. पोलंडने जर्मनीसमोर बसायचं? वॉर्सावर बॉम्ब पडत असताना टार्टाकोवरने एलिस्कासेसशी हात मिळवून घड्याळ सुरू करायचं? फ्रान्सने? पॅलेस्टाईनच्या संघात तर बहुतेक सगळे युरोपातून आलेले ज्यू खेळाडू. त्यांचा प्रश्न १ सप्टेंबरला सुरू झालेला नव्हता, सहा वर्षं जुना होता.

संघांच्या कर्णधारांची बैठक झाली. त्यात पुढाकार होता फ्रान्सतर्फे आलेखिन, पोलंडतर्फे टार्टाकोवर आणि जर्मनीतर्फे बेकर यांचा, आणि यजमान म्हणून अर्जेंटिनाच्या बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष अउगुस्तो दे मुरो यांचा. ठरलं असं: स्पर्धा चालू ठेवायची, ज्यांच्यात खेळणं शक्य नाही त्या लढती न खेळता २–२ धरायच्या. जर्मनी–पोलंड, जर्मनी–फ्रान्स, जर्मनी–पॅलेस्टाईन या लढती अशा गेल्या. बोहेमिया-मोराव्हियाबरोबरच्या पोलंड आणि फ्रान्सच्या लढतीही त्यातच.

दुसरं काय करता आलं असतं?

दे मुरोंच्या जागी स्वतःला बसवून पाहू.

सगळ्यात साधा मार्ग, स्पर्धा थांबवायची. पण थांबवून खेळाडूंना पाठवायचं कुठे? त्यांना आणणारं जहाज परतीला ज्या समुद्रातून जाणार तिथे आता पाणबुड्या होत्या. पोलिश खेळाडूंना तर परत जायला देशच उरतो की नाही, हे सांगणं दर दिवसाच्या तारांबरोबर जास्त अवघड होत चाललं होतं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्यही शिरलं. हॉटेलात बसून बातम्या वाचण्यापेक्षा पटावर बसणं बरं, असं यातल्या कितीतरी जणांना वाटलं असेल. मलाही तेच वाटलं असतं.

दुसरा मार्ग नियमाचा. जो खेळायला नकार देईल त्याची लढत ०–४. कागदावर चोख. पण त्याचा अर्थ असा झाला असता की ज्या देशावर हल्ला झाला त्याच्याच संघाला चार गुणांचा दंड आणि हल्लेखोराला चार गुण बक्षीस. असा नियम लावणाऱ्या आयोजकाला त्या नाट्यगृहात कुणी उभं केलं नसतं.

तिसरा, जर्मनीला बाहेर काढायचं. आज आपल्याला हेच सुचतं, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण अर्जेंटिना तटस्थ देश होता. आणि संघात कोण होतं ते वर आलंच आहे. एलिस्कासेस आणि बेकर यांना ज्या राजवटीने जर्मन करून टाकलं, तिच्याच अपराधाची शिक्षा त्यांना द्यायची का, हा प्रश्न टाळता येत नव्हता. जर्मनीने स्वतःहून माघार घेतली असती तर सगळ्यांचीच सुटका झाली असती; ती त्यांनी घेतली नाही.

उरला तो २–२चा तोडगा. याची खुबी अशी की कुणालाच काही मान्य करावं लागत नाही. पोलंडने लढत सोडली असं होत नाही, जर्मनीला हाकललं असंही होत नाही. वाटाघाटीत असे तोडगे निघतात तेव्हा ते बहुधा हिशेबाच्या बाजूने कच्चे असतात. म्हणून हिशेब पाहू.

गुणांचा हिशेब

पंधरा संघ, म्हणजे प्रत्येकाच्या चौदा लढती आणि जास्तीत जास्त छप्पन्न गुण. जर्मनीला न खेळता तीन लढतींचे सहा गुण मिळाले. ‘फुकटचे सहा गुण आणि त्यावर पहिला नंबर’ असा आरोप सहज करता येतो, केलाही जातो. पण उरलेल्या अकरा लढतींत त्यांनी ४४ पैकी ३० गुण मिळवले, म्हणजे ६८ टक्के. त्याच वेगाने त्या तीन लढती खेळल्या असत्या तर सहाऐवजी आठ गुण मिळाले असते. त्यातले फ्रान्स आणि पॅलेस्टाईन हे संघ तर तक्त्यात जर्मनीच्या बरेच खाली आहेत. आलेखिन सोडला तर त्या दोघांत असं कुणी नव्हतं की ज्याने चारही पटांवर जर्मनीला अडवावं. म्हणजे तोडग्याने जर्मनीचं नुकसानच झालं असण्याची शक्यता जास्त.

पोलंडचं गणित याच जातीचं. दोन लढती न खेळता, त्यांचे चार गुण. उरलेल्या बारा लढतींत ४८ पैकी ३१.५, म्हणजे साधारण ६६ टक्के. त्यांनाही २–२ त्यांच्या सरासरीपेक्षा कमीच पडलं. उलट तिसरा आलेला एस्टोनिया सगळ्या लढती खेळून ६० टक्क्यांच्या आत राहिला. तेव्हा पहिल्या दोन जागांवरचे संघ तोडग्यामुळे वर आले, हे म्हणणं टिकत नाही. ते खरोखरच सगळ्यांत चांगले खेळले.

पण एक जागा आहे जिथे तोडगा निर्णायक ठरला, आणि ती जागा म्हणजे जर्मनी–पोलंड हीच लढत. फरक अर्ध्या गुणाचा. पोलंडने ती लढत २.५–१.५ अशी जिंकली असती, म्हणजे चार डावांपैकी तीन बरोबरीत आणि फक्त एक जिंकला असता, तरी तक्ता उलटा झाला असता: पोलंड ३६, जर्मनी ३५.५. हॅमिल्टन-रसेल करंडक त्या एका डावात होता आणि तो डाव कुणी खेळला नाही. बैठकीत बसलेल्या कुणाला तेव्हा हे दिसणं शक्य नव्हतं. टार्टाकोवरला आधीच कुणी सांगितलं असतं की नाही खेळलात तर अर्ध्या गुणाने जाईल, तरी त्याने वेगळं काही ठरवलं असतं असं मला वाटत नाही.

वैयक्तिक बक्षिसांत कापाब्लांका पहिल्या पटावर अव्वल ठरला, सोळा डावांत सात विजय, नऊ बरोबऱ्या, हार नाही. आलेखिन दुसरा, तोही अपराजित. दोघे समोरासमोर आलेच नाहीत. त्यांच्या परतीच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीबद्दल दोघांनीही दे मुरोंना पत्रं लिहिली होती. तीही झाली नाही. ज्या आलेखिनने १९३९मध्ये फ्रेंच कर्णधार म्हणून जर्मनीविरुद्ध पट मांडला नाही, त्याच्याच नावाने १९४१मध्ये व्याप्त पॅरिसच्या जर्मनधार्जिण्या वर्तमानपत्रात ज्यूद्वेषी लेख छापून आले. त्या बैठकीतल्या भूमिकेवरून कुणाला प्रशस्तिपत्र द्यायला मी धजणार नाही, ते यामुळे.

त्याच नाट्यगृहात त्याच दिवसांत महिलांची विश्वविजेतेपदाची स्पर्धाही चालू होती. व्हेरा मेन्चिकने एकोणीस डावांपैकी सतरा जिंकले, दोन बरोबरीत सोडवले. दुसरी आलेली झोन्या ग्राफ जन्माने म्युनिकची, पण ती जर्मनीच्या झेंड्याखाली खेळली नाही. एका माणसाला जे करता आलं ते संघाला जमलं नाही, एवढं इथे नोंदवून ठेवतो. मेन्चिक १९४४मध्ये लंडनमध्ये जर्मन उडत्या बॉम्बने मारली गेली.

१९ सप्टेंबरनंतर

स्पर्धा संपली तेव्हा परत जायचं की नाही, हा निर्णय प्रत्येकाला एकेकट्याने घ्यायचा होता.

जिंकलेल्या जर्मन संघातले पाचही जण दक्षिण अमेरिकेत राहिले: बेकर, मिशेल, राइनहार्ट अर्जेंटिनात, एंगेल्स ब्राझीलमध्ये, एलिस्कासेस काही काळ ब्राझीलमध्ये आणि मग अर्जेंटिनात. करंडक जर्मनीचा आणि तो मिळवणारे सगळे तिथून दूर. स्वीडनचा गिडेऑन स्टालबर्ग १९४८पर्यंत राहिला. केरेस एस्टोनियाला परतला. त्याचा सहकारी इल्मार राउड राहिला आणि दोन वर्षांच्या आत बुएनोस आइरेसमध्येच वारला. लॅटव्हियाचा पहिल्या पटावरचा व्लादिमिर्स पेत्रोव्ह्स घरी गेला. १९४०मध्ये तिन्ही बाल्टिक देश सोव्हिएत संघाने गिळले. पेत्रोव्ह्सला अटक झाली आणि १९४३मध्ये तो छावणीत मेला. टार्टाकोवर युरोपात परतून द गॉलच्या सैन्यात दाखल झाला. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता.

नायडॉर्फ राहिला. त्याची बायको, मूल, आईवडील, भाऊ पोलंडमध्ये होते. त्यांतलं कुणीच वाचलं नाही. युद्धाच्या काळात त्यांची काही खबर लागत नव्हती, तेव्हा त्याने एक उद्योग केला. १९४३मध्ये रोसारिओ शहरात तो पट न पाहता एकाच वेळी चाळीस जणांशी खेळला. असा विक्रम झाला की बातमी जगभर छापून येते, आणि युरोपात कुठे कुणी जिवंत असेल तर त्याला आपलं नाव वाचायला मिळेल, हा त्यामागचा विचार. १९४७मध्ये साओ पाउलोत त्याने हाच आकडा पंचेचाळीसवर नेला: एकोणचाळीस जिंकले, चार बरोबरीत, दोन हरले. जवळजवळ चोवीस तास लागले. बातमी छापून आली. नातेवाइकांकडून पत्र आलं नाही. आपल्याकडे क्लबमधली मुलं सिसिलियन बचावात पाचव्या चालीला आवडीने काळं ‘ए’ प्यादं एक घर पुढे ढकलतात आणि त्याला नायडॉर्फ म्हणतात, तो नायडॉर्फ हाच.

ऑलिंपियाड पुन्हा भरायला अकरा वर्षं गेली. १९५०ला दुब्रोव्हनिकमध्ये सोळाच संघ होते. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया या नावांचे संघ तक्त्यात परत दिसायला १९९२ उजाडलं. अर्जेंटिनाला मात्र १९३९चं यजमानपद भलतंच फळलं. स्वतः यजमान असताना ते पाचवे आले होते; १९५०, १९५२ आणि १९५४ या तिन्ही ऑलिंपियाडांत ते दुसरे आले. हेलसिंकीच्या १९५२च्या अर्जेंटिना संघात पहिल्या पटावर नायडॉर्फ होता, आणि त्याच संघात एलिस्कासेसही. २–२ लिहिलेल्या त्या लढतीतल्या पोलंडचा दुसरा पट आणि जर्मनीचा पहिला पट.